कॅसेट गेली, तिच्याबरोबर हिशेबही गेला

दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर येतात, तेव्हा शिवाजी पार्कात पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गाण्यांच्या स्टॉलवर कॅसेटच्या थप्प्या असायच्या. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज, ठिकठिकाणच्या गायन पार्ट्यांची भीमगीते. शेजारशेजारच्या स्टॉलवर वेगवेगळी गाणी एकदम वाजत असत आणि परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यात माणसे एखादी कॅसेट घेऊन गावी जात. जेजुरी, पंढरपूर, तुळजापूरच्या वाटेवरही तेच. पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह आले. आज पुस्तके खपतात, गाणी विकणारे मात्र थोडेच उरले. लोकांनी गाणे सोडले म्हणून हे झालेले नाही. त्या मैदानात उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनवर ती सगळी गाणी आहेत आणि त्यांतले एकही त्याला विकत घ्यावे लागत नाही.

ध्वनिमुद्रित संगीताची विक्री बुडाली, याबद्दल गेली वीस-पंचवीस वर्षे बरेच बोलले गेले. काहींना तबकडीची खरखर आणि कव्हरवरचे फोटो आठवतात. काही म्हणतात, तंत्र बदलले, आता रडून काय उपयोग? मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. नुकसान झाले ते वस्तूचे नाही. कॅसेट विकली जाई तेव्हा दोन कामे आपोआप होत होती. ऐकणाऱ्याचे पैसे त्याने स्वतः निवडलेल्या गाण्याच्या वाट्याला जात. आणि ते गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, आवाज कोणाचा, साथीला कोण, ही छापील नोंद घरोघर पोचे. विक्री थांबली आणि ही दोन्ही कामे थांबली. ती पुन्हा सुरू करता येतील, पण बाजार ती आपणहून करणार नाही. कायद्याने आणि सार्वजनिक पैशाने करावी लागतील. पुस्तकांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे केलेले आहे. गाण्यांच्या बाबतीत अजून केलेले नाही.

आधी जगाचा हिशेब पाहू. १९९९ साली जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताचा महसूल सुमारे २२ अब्ज डॉलर होता आणि तो जवळजवळ सगळा सीडी आणि कॅसेटच्या विक्रीतून येत होता. त्याच वर्षी नॅपस्टर सुरू झाले. एकाच्या संगणकावरचे गाणे दुसऱ्याला फुकट मिळू लागले. २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे नॅपस्टर बंद पडले, पण लोकांची सवय गेली नाही. २००३ मध्ये ॲपलने एकेक गाणे ९९ सेंटला विकायला सुरुवात केली, तरी घसरण थांबली नाही. २००६ मध्ये अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्सची दुकाने बंद झाली आणि २०१४ पर्यंत जागतिक महसूल १३ अब्जांच्या आसपास उतरला. मग स्ट्रीमिंगने, म्हणजे गाणे विकत न घेता इंटरनेटवरून ऐकण्याच्या पद्धतीने, तो वर खेचला. २०२४ चा आकडा २९.६ अब्ज डॉलर आहे आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग स्ट्रीमिंगचा आहे. महागाई धरली तर १९९९ ची उंची अजून गाठलेली नाही, हे खरे. तरी संगीताचा धंदा बुडाला असे आज कोणाला म्हणता येणार नाही. मोठ्या कंपन्या सावरल्या आहेत. म्हणूनच आता प्रश्न धंद्याच्या जिवाचा राहिलेला नाही, वाटणीचा आहे.

आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी. इथे अनेक दशके ध्वनिमुद्रण म्हणजे एचएमव्ही. कलकत्त्याजवळ डमडमला त्यांचा कारखाना, आणि मुंबईत बसून कोणाचे गाणे तबकडीवर घ्यायचे हे ठरवणारी मोजकी माणसे. त्यांतले एक जी. एन. जोशी स्वतः भावगीत गाणारे होते, हे मराठीचे भाग्य. जे. एल. रानडे, जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या तबकड्यांनी कविता घराघरांत नेली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात कवितेची तीन-चार कडवी बसवायची, या अडचणीतून मराठी भावगीताची ठेवण घडली. ध्वनिमुद्रण हे गाण्याची नुसती नक्कल ठेवणारे साधन नव्हते. मराठीत एक गीतप्रकारच त्याच्या सोबतीने वाढला.

पण हे दार अरुंद होते. खंडोबाचा वाघ्या, कोळीवाड्यातली गाणारी, तमाशातला सोंगाड्या, जलशातला शाहीर यांच्यातल्या फार थोड्यांना तिथे प्रवेश मिळाला. कॅसेटने ते दार मोडून काढले. आखातात कामाला गेलेल्यांनी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेली यंत्रे आणली, देशी बनावटीची यंत्रे स्वस्त झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातला ध्वनिमुद्रणाचा बाजार जवळजवळ पूर्ण कॅसेटचा झाला. कॅसेट काढायला डमडमचा कारखाना लागत नव्हता. मध्यम भांडवलाचा माणूस दोन शिफ्टांत गाणी रेकॉर्ड करून, कव्हर छापून, महिन्याभरात माल बाजारात आणू शकत असे. त्यामुळे कव्वालीचे सवाल-जवाब, वगनाट्ये, गोंधळ, आगरी-कोळी लग्नगीते, भीमगीते, पोवाडे, गणपतीच्या आरत्या असे सगळे बाजारात आले. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र गाजवला तो कॅसेटवरूनच. पुण्यात अलूरकरांसारख्या रसिक माणसाने अभिजात संगीताच्या मैफली कॅसेटवर आणल्या. मराठी समाजाचा आवाज इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या थरांतून, त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. ती वर्षे माझ्या मते मराठी ध्वनिमुद्रणाची सर्वांत लोकशाहीवादी वर्षे होती, आणि त्याचे श्रेय तबकडीच्या आठवणी काढणारे कॅसेटला क्वचितच देतात.

त्या काळाला सुवर्णकाळ म्हणायला मात्र मी तयार नाही. बहुतेक लोकगायकांना तेव्हा ठोक रक्कम मिळे. एकदा पैसे हातात पडले, सही झाली, की कॅसेट हजार खपली काय आणि लाख खपली काय, गाणाऱ्याला त्यातले काही नसे. चित्रपटसृष्टीतही रॉयल्टीचा प्रश्न जुनाच आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. एकदा मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला, असे मोहम्मद रफींचे मत होते. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. इतक्या मोठ्या गायिकेला जे भांडून मागावे लागले, ते सिन्नरच्या किंवा परभणीच्या गायकाला कोण देणार होते?

असे असूनही विक्रीने त्या गायकाच्या हातात एक गोष्ट दिली होती. त्याची कॅसेट खपली हे कंपनीला कळे, दुकानदाराला कळे, जत्रेतल्या विक्रेत्याला कळे आणि त्यालाही कळे. पुढच्या कॅसेटला तो जास्त रक्कम मागू शकत असे, नाही दिली तर दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत असे. खप हा त्याचा पुरावा होता. आणि हा पुरावा पैसे मोजणाऱ्यांनी तयार केलेला होता. पाचशे माणसांनी प्रत्येकी पंचवीस रुपये दिले, तर त्या पाचशेंचे मत मोजले जाई. बाकीचा महाराष्ट्र काय ऐकतो याचा त्याच्याशी संबंध नसे.

मोबाइल आले आणि हा पुरावा पुसला गेला. तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. वीस-पन्नास रुपयांत शेकडो गाणी. त्यांतला एक पैसाही गाणाऱ्याकडे गेला नाही, आणि कोणाचे गाणे किती भरले गेले याची मोजदादही झाली नाही. त्याच काळात कॉलर ट्यूनमधून संगीत कंपन्यांना बरे पैसे मिळाले, पण त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपन्यांनी ठेवला. मुंबईत काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस, चाळीसच्या दशकात सुरू झालेले, २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. तोवर जिल्ह्याजिल्ह्यातली कॅसेटची दुकाने केव्हाच मोबाइल रिचार्जची दुकाने झाली होती, फक्त त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत लेख आले नाहीत.

आता स्ट्रीमिंग. पायरसीपेक्षा ते नक्कीच चांगले आहे, कारण प्रत्येक वेळी वाजलेले गाणे मोजले जाते. पण मोजणे आणि वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॉटिफाय हे गाणी ऐकवणारे ॲप २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. समजा नगर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने ती भरली आणि महिनाभर फक्त अभंग ऐकले, तेही दोन-तीनच गायकांचे. साधारण सत्तर टक्के रक्कम हक्कधारकांना जाते असे धरले तर तिचे ८० रुपयांहून थोडे जास्त वाटायला निघाले. ते त्या दोन-तीन गायकांच्या वाट्याला जातील असे तिला वाटेल. तसे होत नाही. देशातल्या सगळ्या वर्गणीदारांचे पैसे एका सामाईक कोठारात जमा होतात आणि सगळी गाणी मिळून जितक्या वेळा वाजली त्या प्रमाणात वाटले जातात. जो दिवसभर कानात गाणी लावून बसतो त्याच्या ऐकण्याला शिक्षिकेच्या संध्याकाळच्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी पट वजन मिळते. वर्गणी मात्र दोघांची सारखीच. तिच्या ८० रुपयांतला बराचसा भाग तिने कधीच न ऐकलेल्या हिंदी चित्रपटगीतांकडे आणि पंजाबी पॉपकडे जातो.

२०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम लावला. मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. बनावट आणि निरर्थक आवाजांच्या फाइली चढवून पैसे उकळणाऱ्यांना आळा घालणे हा त्याचा सांगितला गेलेला हेतू, आणि तो हेतू चुकीचा नाही. पण या चाळणीतून मालवणी ओव्या, खानदेशी अहिराणी गीते, एखाद्या गुरवाने वाजवलेला चौघडा हेही खाली पडते. एका गाण्यामागे कलावंताचे होणारे नुकसान काही रुपयांचे असेल. परंतु ज्या भाषांमध्ये आणि बोलींमध्ये ऐकणारेच मोजके आहेत, तिथे जवळपास सगळेच गाणे त्या रेषेखाली येते, आणि ते पैसे रेषेवरच्यांत वाटले जातात. याला मी अन्याय म्हणतो.

उपाय नाही असे नाही. प्रत्येक वर्गणीदाराचे पैसे त्याने जे ऐकले त्यातच वाटायचे, अशी पद्धत साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग कंपनीने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केली. फ्रान्समधल्या राष्ट्रीय संगीत केंद्राने त्याच वर्षी याचा अभ्यास केला. लहान कलावंत याने एकदम श्रीमंत होणार नाहीत, पण अभिजात संगीतासारख्या कमी गर्दीच्या प्रकारांचा वाटा वाढेल, असे त्यात दिसले. मला तेवढे पुरेसे कारण वाटते. शिक्षिकेचे ८० रुपये तिच्या अभंगगायकांकडे जावेत यासाठी आणखी कोणते समर्थन हवे? भारतात बहुसंख्य लोक वर्गणी न भरता जाहिरातींसह किंवा यूट्यूबवर ऐकतात, त्यामुळे या बदलाने सगळे सुटणार नाही, हेही मान्य. पण जे पैसे भरतात त्यांचा तरी हिशेब सरळ करता येईल.

यावर एक उत्तर हमखास येते: गायकाने कार्यक्रम करावेत. आपल्याकडे गाणारा नेहमीच बिदागीवर जगला, कॅसेटवर कधी नाही. यात तथ्य आहे. आजही गणपती, नवरात्र, आंबेडकर जयंती, जत्रा आणि लग्नसराई यांच्या सुपाऱ्यांवरच महाराष्ट्रातले बहुतेक गायक-वादक घर चालवतात. पण कवीला सुपारी कोण देतो? चाल लावणाऱ्याला कोण बोलावतो? गायकाचा गळा साठीनंतर थकला, दमा जडला, की त्याचा कार्यक्रम संपतो. त्याचे गाणे मात्र पुढची चाळीस वर्षे लाउडस्पीकरवर वाजत राहते. जयंतीच्या मिरवणुकीत जी गीते आजही वाजतात त्यांतली कितीतरी लिहिणाऱ्यांनी हयात गिरणीत, रेल्वेत, शेतमजुरीत काढली. ज्यांना व्यासपीठ नाही आणि ज्यांचे व्यासपीठ सुटले आहे, त्यांच्यासाठी रॉयल्टी असते. आणि २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीने सगळे कार्यक्रम एका फटक्यात थांबवले तेव्हा फक्त सुपारीवर जगणाऱ्या तमाशाच्या फडांचे, बँडवाल्यांचे, ऑर्केस्ट्रातल्या वादकांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले. एकाच खांबावर घर उभे करा असा सल्ला त्यानंतर तरी कोणी देऊ नये.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. त्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा लिहून देऊ शकत नाहीत. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरांतून मिळणाऱ्या पैशात त्यांचा समान वाटा आहे. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत हक्क मिळाला आणि २०१३ मध्ये गायकांची इस्रा ही संस्था उभी राहिली. गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेची २०१७ मध्ये नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खासगी एफएम वाहिन्यांच्या खटल्यात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला दुजोरा दिला.

हे सगळे मिळवायला मोठ्या माणसांनी मोठे भांडण केले आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. पण हक्क कागदावर असणे आणि पैसे खात्यावर येणे यांच्यात सभासदत्व आहे, प्रत्येक गाण्याची नोंदणी आहे, करारपत्र आहे, बँक खाते आहे. ज्या शाहिराकडे त्याच्याच कॅसेटच्या कराराची प्रत नाही, ज्याचे नाव एका कव्हरवर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने छापले आहे, तो हे कसे करणार? वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देते. ते दिले पाहिजेच. पण त्याच अर्जाबरोबर त्याच कलावंताच्या गाण्यांची नोंदणी करून दिली, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात महिन्यातून एकदा यासाठी माणूस बसवला, तर त्याला मदतीबरोबर त्याच्या हक्काचे पैसेही मिळतील. खर्च फारसा नाही. फक्त हे आपले काम आहे, असे कोणीतरी म्हणायला हवे.

वाटणीचे हे झाले. नोंदीचे नुकसान मला त्याहून खोल वाटते, कारण पैसे उशिरा का होईना देता येतात, विसरलेले नाव परत मिळत नाही. तबकडीच्या लेबलवर, कॅसेटच्या आतल्या कार्डावर कवीचे नाव छापलेले असे. भावगीताच्या श्रोत्याला कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे पाठ असत, ती या छापील ओळींमुळेच. आज ॲपवर गाणे लावा: गायकाचे नाव ठळक, अनेकदा अल्बमच्या जागी ‘सुपरहिट मराठी’ असे काहीतरी, आणि गीतकाराचे नाव शोधायला दोन-तीन पायऱ्या आत जावे लागते. तिथेही ते असेलच असे नाही. तबलजी, बासरीवाला, संगीत संयोजक यांचे तर बोलायलाच नको. ही माहिती आज मराठीत सर्वांत निगुतीने कोण जपते? ‘आठवणीतली गाणी’ हे हौसेने चालवलेले संकेतस्थळ, आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी, ज्यांनी चोरबाजारातून, जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून तबकड्या उचलून त्यांचे क्रमांक आणि तपशील टिपून ठेवले. भाषेच्या एवढ्या मोठ्या ठेव्याचा भार खासगी माणसांच्या प्रेमावर टाकून समाज मोकळा राहिला आहे.

पुस्तकांचे असे झालेले नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. पुढे त्यात वृत्तपत्रे आली. ध्वनिमुद्रणे आजही त्यात नाहीत. फ्रान्समध्ये ती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागतात. आपल्याकडे एखाद्या कंपनीने कॅसेट काढली, कंपनी बंद पडली, मास्टर टेप कोणाच्या तरी माळ्यावर बुरशीने गेली, की ते गाणे कायद्याच्या दृष्टीने कधी नव्हतेच. दुसरे म्हणजे महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. राज्यात ११ हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत, त्यांना अनुदान मिळते आणि त्यातला ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च होतो. मराठी कवितासंग्रहाची हजाराची आवृत्ती आज निघते त्यामागे या खरेदीचा आधार आहे. बाजारात मागणी कमी असली तरी ही वस्तू समाजाला हवी, असे आपण पुस्तकाबद्दल ठरवले. त्याच कवीची कविता चाल लावून ध्वनिमुद्रित झाली, की ती मात्र निव्वळ करमणूक ठरते आणि बाजाराच्या भरवशावर सोडली जाते. हा भेद मला कधीच पटलेला नाही. तुकोबांचा अभंग छापलेला आणि तुकोबांचा अभंग गायलेला, यांतला दुसरा कमी मराठी आहे का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने संशोधन, अनुवाद, हस्तलिखिते यांच्या योजनांची चर्चा सुरू झाली आणि ती व्हायलाच हवी. त्या यादीत ध्वनिमुद्रणे घालावीत, अशी माझी मागणी आहे. ग्रंथालयांच्या अनुदानात ध्वनिमुद्रण खरेदीचे वेगळे शीर्ष ठेवावे. नव्या मराठी अल्बमच्या काही शे प्रती, मग त्या डिजिटल परवान्याच्या रूपात का असेनात, सरकारने घ्याव्यात आणि त्या प्रत्येकाबरोबर गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांचा पूर्ण तपशील भरून देणे सक्तीचे करावे. बाजाराने थांबवलेली विक्री अशी काही अंशी परत येईल, आणि तिच्याबरोबर नोंदही.

यात कंपन्यांचे हक्क आड येतील, असे कोणी म्हणेल. जुन्या साठ्याच्या मोठ्या भागाबाबत ते येत नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवर आता कोणाही कंपनीचा हक्क राहिलेला नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. पण नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. खाडिलकरांची पदे, भास्करबुवांच्या किंवा टेंब्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा आवाज असलेल्या तबकड्या आज पूर्णपणे जनतेच्या मालकीच्या आहेत. कवी भा. रा. तांब्यांच्या कवितेचे शब्दही मोकळे आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने किंवा मुंबई विद्यापीठाने उद्या त्या स्वच्छ करून, तपशिलासह, सगळ्यांसाठी खुल्या केल्या तर कोणाची परवानगी लागणार नाही.

कॅसेटच्या काळातल्या गाण्यांवर हक्क अजून शिल्लक आहेत, आणि नेमका तोच साठा सर्वांत धोक्यात आहे. लाखेची तबकडी फुटली नाही तर शंभर वर्षे टिकते. कॅसेटची फीत तीस-चाळीस वर्षांत चिकटते, आवाज उतरतो. इथेही २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट ठेवलेली आहे. बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवायला कायद्याची मुभा आहे. त्यासाठी आधी ती कॅसेट ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल व्हायला हवी. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आपल्या भागातल्या कॅसेट देणगी म्हणून किंवा विकत घेऊन दाखल कराव्यात, चांगल्या डेकवरून त्या उतरवून घ्याव्यात, आणि कव्हरवर जे छापलेले नाही ते त्या पार्टीत ढोलकी, हार्मोनियम वाजवलेल्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. ती माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यामुळे या कामाची तरतूद येत्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी. पंचवार्षिक समिती नेमून तिच्या अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडेही नाही आणि त्या फितींकडेही नाही.